भूकंपात घर उभं राहायला हवं असेल तर या चुका टाळा

साइटवर घरमालकांकडून एक वाक्य मी कायम ऐकतो, "इंजिनिअरनी १२ची (म्हणजे १२ मिलिमीटर जाडीची) सळई सांगितली होती, आम्ही १६ची टाकली, आता भूकंप येऊ दे नाहीतर काही होऊ दे." हेतू चांगला असतो, पैसेही जास्तीचे गेलेले असतात, आणि तरी घर आधीपेक्षा धोक्याचं झालेलं असू शकतं, कारण ती जास्तीची सळई बऱ्याचदा बीममध्ये जाते. बीम कॉलमपेक्षा तगडा झाला की मोठ्या हादऱ्यात आधी कॉलम मोडतो. बीम मोडला तर एखादी खोली वाकडी होते, कॉलम गेला तर वरचे सगळे मजले खाली बसतात. म्हणून कॉलम नेहमी बीमपेक्षा ताकदीचा ठेवायचा आणि सळई वाढवायचीच असेल तर डिझाइन करणाऱ्याला विचारल्याशिवाय वाढवू नका.

जाड म्हणजे मजबूत, ही समजूत लातूरजवळच्या किल्लारीला भूकंपात फार महागात पडली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, दगडाच्या, पण मातीत बांधलेल्या. आत एक दगडाचा थर, बाहेर एक, मधे माती आणि चिपांची भर, आणि दोन्ही थरांना जोडणारं काहीच नाही, त्यामुळे हादरा बसल्यावर दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, त्यावर वर्षानुवर्षं टाकत आलेली माती. हिशोब करून बघा, दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. एसटी गचका देऊन सुटली की उभा माणूस मागे फेकला जातो ना, तसं जमीन सरकली की छपराचं वजन मागे राहायला बघतं, आणि जेवढं वजन जास्त तेवढा भिंतींवरचा झटका मोठा. बऱ्याच ठिकाणी आतले सागवानी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या, कारण लाकूड एकमेकांत अडकवलेलं होतं.

आणि "आमच्या भागात भूकंप येत नाही" हे तर बोलूच नका, त्या वेळच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती.

दुसरी मोठी चूक शहरातली, खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले. २६ जानेवारी २००१ला गुजरातच्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ होतं, अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरपेक्षा लांब, तरी तिथे बिल्डिंगा पडल्या आणि त्यातल्या कितीतरी अशा पार्किंगवाल्याच होत्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खाली नुसते कॉलम, मग सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. त्यात वरच्या मजल्याला गॅलरी पुढे काढून तिथून नवीन कॉलम उठवलेला असेल, म्हणजे खाली जमिनीपर्यंत न जाणारा, तर अजून वाईट. पार्किंग हवंच असेल तर लिफ्टभोवती किंवा कडेला पायापासून वरपर्यंत जाणाऱ्या आरसीसी भिंती डिझाइनमध्येच मागून घ्या.

आता रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती घातलेल्या आडव्या सळईच्या कड्या. यावर मी सगळ्यात जास्त भांडतो कारण काँक्रीट पडलं की त्या कुणालाच दिसत नाहीत. कॉलमच्या उभ्या सळयांना रिंगाच धरून ठेवतात, पण बहुतेक साइटवर रिंगेची टोकं काटकोनात वाकवून सोडलेली असतात, आणि हादऱ्यात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, फुटला की ती टोकं उघडतात, सळया बाहेरच्या बाजूला फुगतात, कॉलम संपला. टोकं १३५ अंशात, म्हणजे आतल्या काँक्रीटच्या पोटात घुसतील अशी वळवलेली पाहिजेत. सळईवाला म्हणेल बांधायला अवघड जातं, जाऊ दे, आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या भारतीय बांधकाम कोडमध्येच तसं लिहिलंय. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला किमान दीड फुटापर्यंत रिंगा जास्तीत जास्त चार इंचांवर, आणि जिथे बीम कॉलमला मिळतो त्या जॉइंटच्या आतसुद्धा. तिथेच सळयांची गर्दी असते म्हणून रिंगा हमखास गाळल्या जातात. सळईचा लॅपही, म्हणजे दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड, स्लॅबच्या लगेच वर देऊ नका, तिथेच ताण सर्वात जास्त असतो, कॉलमच्या मधल्या भागात द्या. काँक्रीट टाकायच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन स्वतः जा, मोजा, फोटो काढा, चुकलं असेल तर सकाळी काँक्रीट थांबवा, ठेकेदार रागावला तर रागावू दे.

विटांच्या साध्या घरात कॉलम नसतील तर प्लिंथला (जोत्याला), लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आणि पत्र्याचं छप्पर असेल तर त्याच्या खाली सलग आरसीसी पट्टा फिरवा. फक्त खिडकीवर तुकड्यात लिंटेल टाकून उपयोग नाही, तो चारी भिंतींवरून अखंड गेला तरच भिंती एकमेकींना धरतात.

घर आधीच बांधलेलं असेल तर? पार्किंगवाल्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवून कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण) किंवा नवीन आरसीसी भिंती घालता येतात, सोसायटीने खर्चाला घाबरून विषय पुढे ढकलू नये. गावाकडच्या दगडी घरात आधी माळवदाची जास्तीची माती उतरवा. मग भिंतीकडे बाजूने बघा, कुठे पोट आलंय का, कोपऱ्यात उभी चीर गेलीय का. पोट आलेला भाग पाडून नीट बांधावा लागतो, नुसता गिलावा करून झाकू नका. बाकी भिंतीत साधारण मीटर-मीटरवर हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांना मोठं आणि मधे लहान, डमरूसारखं, त्यात टोकं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधला जातो. घाई करून सगळी भोकं एकदम पाडून ठेवू नका, थोडी करा, ती भरा, मग पुढची घ्या, नाहीतर दुरुस्ती व्हायच्या आधीच भिंत अंगावर येईल.