‘पुट ऑफ’ म्हणजे रद्द नव्हे: इंग्रजी वाक्प्रचारांच्या या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद पेढीवर काम करणारा मुलगा मार्चमध्ये धापा टाकत क्लासला आला. “मॅडम, ऑर्डर गेली.” परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये वाक्य होतं, ‘वी हॅव टु पुट ऑफ द शिपमेंट टिल द एंड ऑफ एप्रिल.’ पठ्ठ्यानं त्यातलं ‘ऑफ’ तेवढं वाचलं. पंखा ऑफ होतो तशी ऑर्डर ऑफ झाली असं धरलं आणि शेठजींना सांगून मोकळा झाला. शेठजींनी बाजूला काढलेली पोती परत सौद्यात लावायला सांगितली. नशीब, सौदा दुसऱ्या दिवशी होता.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. रद्द करायचं असतं तर त्या गिऱ्हाइकानं ‘कॉल ऑफ’ लिहिलं असतं. खरं तर ‘टिल’ हा शब्द उत्तर हातात घेऊनच बसला होता. रद्द झालेल्या मालाला ‘एप्रिलअखेरपर्यंत’ कशाला लागेल? पण घाबरलेला माणूस वाक्य पुरतं वाचत नाही, ओळखीच्या शब्दावर उडी मारतो.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चुकांचं मूळ हेच. क्रियापद वेगळं, ‘ऑफ’, ‘अप’, ‘आऊट’ वेगळं, आणि दोन्हींचे अर्थ घेऊन बेरीज करायची. मराठीत आपण असली बेरीज कधी करतो का? वर मी ‘सांगून मोकळा झाला’ असं लिहिलं, तेव्हा तो कुठल्या तुरुंगातून सुटला असं तुम्ही विचारलं नाहीत. ‘नको ते बोलून बसला’ म्हटल्यावर कुठल्या खुर्चीवर, असं कुणी विचारत नाही. ‘पैसे देऊन टाक’ यात काही टाकायचं नसतं. इंग्रजीचं फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’-‘अप’ची जोडी, तेही अगदी असंच आहे. तो एकच शब्द आहे, फक्त लिहिताना मध्ये जागा सोडलेली. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं, ‘टर्न अप’ म्हणजे उगवणं (माणसानं, उशिरा), ‘टर्न डाऊन’ म्हणजे नाकारणं. वहीत ‘गिव्ह’ची यादी करण्यापेक्षा ‘सोडून देणं’च्या पुढं ‘गिव्ह अप’ लिहिलेलं बरं.

आता त्या मधल्या जागेचं. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. मुलांना मी ‘खाऊनच टाकलं’ आठवायला सांगते. आपला ‘च’सुद्धा इवलासा, आणि तो दोन क्रियापदांच्या मध्येच शिरतो. मात्र सगळ्याच जोड्या अशी वाट देत नाहीत. ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘रन इनटु’ या घट्ट जोड्या आहेत. ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं, ‘लुक हर आफ्टर’ नाही. ‘पुट अप विथ’, ‘रन आऊट ऑफ’ अशा तिहेरी जोड्याही सहसा फुटत नाहीत.

किरकोळ पण रोजच्या चुका एका दमात सांगते. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं ‘कोप विथ’. ते ‘अप’ ‘कीप अप विथ’मधून घुसलंय. ‘डिस्कस अबाऊट’मधलं ‘अबाऊट’ काढा, ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ काढा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु’नंतर ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’. आणि आभाराच्या भाषणातल्या ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’मधला ‘द’ कृपा करून गाळा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र मिरजेच्या नर्सिंगच्या मुलींकडून ऐकते. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथून शिकून बाहेरच्या देशात नोकरीला जाणाऱ्या मुली माझ्याकडे मुलाखतीची तयारी करायला येतात. पहिलंच वाक्य: ‘आय पास्ड आऊट इन २०२२.’ समोरच्या इंग्रजाला ऐकू येतं, ‘मी २०२२ साली बेशुद्ध पडले.’ आपल्याकडे सगळे असंच बोलतात, त्यामुळे ही चूक आहे हेच कुणाला पटत नाही. इंग्लंडात ‘पास आऊट’चा शिक्षण पुरं केल्याचा अर्थ आहे, पण तो मुख्यतः सैन्यातल्या प्रशिक्षणापुरता. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावात पासिंग आऊट परेड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नर्सनं मात्र ‘आय क्वालिफाइड इन २०२२’ म्हणावं, बाकीच्यांनी ‘आय ग्रॅज्युएटेड’. आणि वॉर्डात तर ‘पास आऊट’ आणि ‘पास अवे’ यांची गल्लत अजिबात नको. पहिल्यात पेशंटच्या तोंडावर पाणी मारतात, दुसऱ्यात नातेवाइकांना बोलावून घेतात.

दवाखान्यातलं इंग्रजी पुस्तकातल्यापेक्षा वेगळं असतं. पेशंट ‘व्हॉमिट’ म्हणेलच असं नाही, ‘आय थ्रू अप’ म्हणेल. भूल उतरायला लागली की ‘इट्स वेअरिंग ऑफ’, पेशंट शुद्धीवर आला की ‘ही केम राउंड’, तब्येतीला उतार पडला की ‘शी इज ऑन द मेंड’. घसा बसला तर त्यांच्या घशात बेडूक असतो: ‘फ्रॉग इन माय थ्रोट’. बरं वाटत नसेल तर ‘अंडर द वेदर’, त्याचा खिडकीबाहेरच्या हवेशी संबंध नाही. आणि माझा सगळ्यात लाडका, ‘पिन्स अँड नीडल्स’. हातापायाला मुंग्या येणं. आपल्याकडे मुंग्या चावतात, त्यांच्याकडे टाचण्या टोचतात, बधिरलेला पाय तोच.

वाक्प्रचारांत दुसरा एक सापळा आहे, तो जास्त फसवा, कारण तिथं शब्द ओळखीचेच निघतात. ‘पुलिंग माय लेग’ ऐकलं की मराठी माणसाला खेकड्याची टोपली आठवते. वर चढणाऱ्याचे पाय ओढणारे आपलेच भाऊबंद! इंग्रजीत त्याचा अर्थ निरुपद्रवी चेष्टा, फिरकी घेणं, एवढाच. एका मुलानं कुणाला तरी ऑफिसातल्या साहेबाबद्दल कौतुकानं बोलताना ऐकलं, ‘ही इज ऑलवेज पुलिंग माय लेग,’ आणि तो आठवडाभर त्या साहेबाकडे संशयानं बघत होता. तसंच हात धुण्याचं. वाहत्या गंगेत आपण हात धुवून घेतो, म्हणजे फायदा उपटतो. हात धुवून मागेही लागतो. इंग्रजीत ‘वॉश युअर हँड्स ऑफ’ म्हणजे या दोन्हींच्या नेमकं उलट, हात झटकून मोकळं होणं. उलट दिशेनंही घोटाळा होतो. ‘डोकं खाऊ नको’चं ‘डोन्ट ईट माय हेड’ केलं तर ऐकणारा दचकेल. ‘स्टॉप बगिंग मी’ म्हणा.

वजनही बघावं लागतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, असं वहीत लिहून मोकळं होऊ नका, त्याच्यापुढं ‘टपकला’ असं लिहा. म्हणजे सांत्वनाच्या पत्रात तो शब्द जाणार नाही. माझ्या पाहण्यात एकदा गेला आहे.

‘प्ले इट बाय इअर’चं तर पेढीवरच्या त्या मुलानंच केलं होतं: ‘फोनवर बोलू’. कान आला म्हणजे फोन आला! मुळात हा संगीतातला शब्द. कागदावरचं नोटेशन न बघता कानानं वाजवायचं, म्हणून पुढं जसं होईल तसं बघून ठरवू. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीजवळ राहणाऱ्यांना खरं तर हा सोपा जायला हवा. जवारी काढणारा, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवणारा कारागीर कागद कुठं बघतो, तार छेडतो आणि ऐकतो.

निर्यातीत असाल तर ‘टेबल’ या शब्दापासून सावध. लंडनचा माणूस ‘लेट्स टेबल इट’ म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचाय, न्यूयॉर्कचा म्हणाला तर बाजूला ठेवायचाय. शंका आली तर सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही. स्वतः लिहिताना खात्री नसेल तर ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’ असे साधे शब्द वापरा. फ्रेजल व्हर्ब घातलं नाही म्हणून ऑर्डर जात नाही.

आणि ते कुत्रे-मांजरं! जुलैत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी बघायला गर्दी होते, आणि माझ्याकडच्या निबंधांच्या गठ्ठ्यात ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चा पूर येतो. अर्थ (मुसळधार पाऊस) बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात तो आता फारसा ऐकू येत नाही. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’वाल्या जोनाथन स्विफ्टनं तो १७३८ साली छापला, तोही बड्या लोकांच्या गुळगुळीत गप्पांची टर उडवायला. म्हणजे तेव्हाच तो शिळा होता. ‘इट्स पोअरिंग’ म्हणा, किंवा इंग्लंडात असाल तर ‘इट्स बकेटिंग डाऊन’. तिथंही बादलीच, पण ही लाथ मारायची नव्हे.

परवा तिकडं गेलेल्या एका मुलीचा मेसेज आला. रात्रपाळीत एक आजी म्हणाल्या, ‘लव्ह, आय हॅव गॉट पिन्स अँड नीडल्स इन माय फूट.’ “मॅडम, मी आधी अंथरुणात सुई शोधली,” तिनं लिहिलं होतं, “मग मुंग्या आठवल्या.”