पदकानंतर उमेदवारी: विधानसभेचा अर्ज भरण्यापूर्वीची तयारी

पॅरालिंपिक खेळाडूने विधानसभा लढवायचे ठरवले, की सर्वांत आधी स्वतःच्या नोकरीकडे पाहावे. क्रीडा कोट्यातून मिळालेली सरकारी नोकरी राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ नुसार लाभाचे पद ठरते, आणि असे पद हाती असताना आमदारकी लढवता येत नाही. म्हणून राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तर तो मंजूर झाल्याचे पत्र छाननीच्या दिवसापूर्वी हातात असावे लागते. वयाची २५ वर्षे पूर्ण असावीत आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असावे. सराव एका शहरात आणि नाव गावच्या यादीत, अशी स्थिती असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी.

मतदारसंघाची निवड मात्र सावकाश करावी. भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया यांच्याकडे अथेन्स आणि रिओ पॅरालिंपिकची सुवर्णपदके होती, तरी २०२४ मध्ये राजस्थानातील चुरूची लोकसभेची जागा त्यांना जिंकता आली नाही. उलट ऑस्ट्रेलियात व्हीलचेअर बास्केटबॉल आणि शिडाच्या नौकेतून पदके मिळवणाऱ्या लीझल टेश २०१७ च्या पोटनिवडणुकीत गॉसफर्डमधून न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत गेल्या, आणि त्या तिथल्याच शिक्षिका होत्या. सत्काराला जमलेली गर्दी बूथवर येतेच असे नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील चार टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरते आहे, विधानसभेत तशी राखीव जागा नाही, हेही कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवावे.

अर्जासोबत मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणाऱ्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नये. तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. खर्चाचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीत खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये होती. अर्ज घेण्याची वेळ दुपारी तीनला संपते, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे दालन कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथवर उतार किंवा लिफ्ट आहे का, हे आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहावे. हाताने सही करता येत नसेल, तर अधिकाऱ्यांसमक्ष खूण करण्याची तरतूद नियमांत आहे.

शरीराची तयारी उमेदवाराला शिकवावी लागत नाही. ती प्रचारप्रमुखाला शिकवावी लागते. मणक्याची दुखापत असलेल्या माणसाला दिवसभर जीपमध्ये एकाच जागी बसवले तर त्वचेवर जखमा होतात, म्हणून दौऱ्याच्या वेळापत्रकात दर दोन सभांमध्ये आडवे होण्याइतका वेळ मोकळा ठेवावा, आणि गाडीत हारतुऱ्यांच्या आधी व्हीलचेअरची जादा ट्यूब व पंप चढवावा.