अंगणात स्थानिक झाडं लावताय? एचओएशी वागताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या घराच्या पत्रपेटीत एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची (होमओनर्स असोसिएशन) नोटीस येते: अंगणात तण माजलं आहे, अमुक दिवसांत काढा, नाहीतर दंड. ते ‘तण’ म्हणजे तुम्ही हौसेनं लावलेली मिल्कवीड आणि कोनफ्लॉवर ही स्थानिक फुलझाडं असतात. अशा वेळी कुणी घाबरून सगळं कापून टाकतं, कुणी पत्र कपाटात सारून गप्प बसतं. गप्प बसणं जास्त महागात पडतं, कारण दंड चढत जातो आणि काही राज्यांत थकलेल्या रकमेपोटी घरावर बोजाही चढू शकतो.

उत्तर मुदतीच्या आत आणि लेखीच द्या. नेमकं कोणतं कलम मोडलं ते विचारा, सुनावणी मागा. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका, त्याचा नंतर काही उपयोग होत नाही. मग नोंदणी झालेलं मूळ नियमपत्र, म्हणजे सीसी अँड आर, स्वतः वाचा. पुष्कळदा त्यात ‘अंगण नीटनेटकं ठेवावं’ एवढंच असतं. लॉनच हवं, हा आग्रह पत्र लिहिणाऱ्याचा असतो.

मेरीलँड राज्यातल्या कोलंबियाच्या एका जोडप्याला २०१७ मध्ये असोसिएशननं झाडं काढून लॉन लावायला सांगितलं. त्यांनी वकील गाठला. सुमारे ६० हजार डॉलर खर्च झाले, पण तडजोडीत बरीचशी बाग वाचली. त्या लढ्यातूनच २०२१ मध्ये राज्याचा कायदा झाला. फुलपाखरं-मधमाश्यांसाठीची बाग, पावसाचं पाणी जिरवणारी बाग, कमी पाण्यावरची बाग यांवर तिथल्या असोसिएशनला आता अवाजवी बंधनं घालता येत नाहीत, लॉनची सक्तीही करता येत नाही. मात्र बागेची नियमित निगा राखायला हवी, ही अट कायद्यातच आहे.

हाच कायदा सगळीकडे लागू आहे, असं समजू नका. इलिनॉयनं २०२४ मध्ये स्थानिक वनस्पतींसाठी स्वतंत्र कायदा केला. टेक्सासचा कायदा पाणी वाचवणाऱ्या बागेला संरक्षण देतो, पण आधी आराखडा मंजूर करून घ्या, असं असोसिएशन सांगू शकते. काही राज्यांत यातलं काहीच नाही. तिथे सगळी भिस्त तुमच्या नियमपत्रावर. शिवाय गवताच्या उंचीबाबत शहराचा नियम वेगळा असतो. एचओएनं होकार दिला तरी शहराची नोटीस येऊ शकते.

टाउनहाउसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत राहत असाल तर दारापुढची जमीन कुणाची, हे आधी पाहा. ती सामायिक असेल तर हे कायदे सहसा कामी येत नाहीत. वन्यजीव अधिवासाचं प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणं चांगलंच. शेजाऱ्याला त्यातून हेतू कळतो. पण ती पाटी म्हणजे कायदेशीर परवानगी नव्हे.

झाडांची निवड चुकली की बाजू लंगडी पडते. आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात ती लाल-पिवळ्या फुलांची झाडं तिथल्या नर्सरीत ‘ट्रॉपिकल मिल्कवीड’ म्हणून मिळतात. ओळखीची म्हणून पटकन घेतली जातात, पण ती उष्ण प्रदेशातली आहेत. फ्लोरिडा, दक्षिण टेक्साससारख्या उबदार भागांत ती हिवाळ्यातही हिरवी राहतात आणि मोनार्क फुलपाखरांवरचा एक परजीवी त्या झाडांवर साचत जातो. त्याऐवजी बटरफ्लाय वीड किंवा स्वॉम्प मिल्कवीड लावा. दोन्ही झुपक्यानं वाढतात. कॉमन मिल्कवीड स्थानिकच आहे, पण जमिनीखालून पसरत शेजाऱ्याच्या लॉनमध्ये निघतं. ‘वाइल्डफ्लॉवर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटांत अनेकदा युरोपातली कॉर्नफ्लॉवर असतात, तेव्हा मागची यादी वाचूनच घ्या. आणि कढीपत्ता, तोंडलीचा वेल यांना या कायद्यांचा आधार नाही.

सगळ्यात नडते ती कडेची हेळसांड. बाग आतून कितीही मोकळी असो, फुटपाथलगत फूट-दोन फूट कापलेल्या गवताचा किंवा विटांचा पट्टा ठेवा. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. कोपऱ्यावर घर असेल तर वळणाऱ्या गाडीवाल्याची नजर अडेल असं काही लावू नका. थंडीत वाळलेले दांडे मधमाश्यांसाठी ठेवायचे असतील तर ते फूट-दीड फुटावर सारखे कापा, आडवे पडू देऊ नका. स्थानिक झाडं पहिल्या वर्षी मुळं धरण्यात गुंतलेली असतात, वर फारसं काही दिसत नाही. तक्रारी नेमक्या तेव्हाच येतात. म्हणून सगळं अंगण एकदम उकरू नका. एक वाफा करा, तो भरला की पुढचा.

अजून काही लावलं नसेल तर आधी एचओएकडे अर्ज करा. ‘थोडी नैसर्गिक बाग करायची आहे’ अशा मोघम अर्जाला नकार देणं तिच्या समितीला सोपं जातं. मोजमापांसह नकाशा, प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव, पूर्ण वाढल्यावरची उंची, निगेचं वेळापत्रक आणि राज्यात कायदा असेल तर त्याचं कलम, एवढं सगळं जोडा. अर्ज रजिस्टर्ड टपालानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा आणि दर ऋतूत बागेचे तारखेसह फोटो काढत राहा.