जीआरईचे शब्द: कार्ड कसं लिहायचं

जीआरई म्हणजे मुख्यतः परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्यासाठीच्या इंग्रजी शब्दांची यादी कुठलीही घ्या, पण एकच घ्या. हजारभर शब्दांची एक यादी पुरी केली तर भरपूर झालं. पाच याद्या जमवून एकही न संपवणारे मी खूप पाहिलेत. रोज २०-२५ नवे शब्द, त्याआधी जुन्यांची उजळणी. कुठला शब्द कधी परत बघायचा ते अँकीसारख्या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर सोडा.

खरी गोची कार्ड लिहिताना होते. बहुतेक जण एका बाजूला शब्द लिहितात आणि मागे एका शब्दात अर्थ. लॅकोनिक: कमी बोलणारा. टॅसिटर्न: कमी बोलणारा. रेटिसंट: कमी बोलणारा. तिन्ही पाठ होतात आणि तिघांमधला एकही फरक कळत नाही. परीक्षेतले विरुद्धार्थी शब्दांचे आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखण्याचे) प्रश्न २०११मध्येच बंद झाले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो, तरी शिकवण्या अजून नुसते अर्थ घोकून घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द गाळलेलं इंग्रजी वाक्य लिहा, आणि तोच शब्द का बसतो याचं कारण त्या वाक्यातच असू द्या. भलामोठा प्रश्न आणि दोन शब्दांत नेमकं उत्तर, तिथे लॅकोनिक. मुळातच अबोल स्वभाव, तिथे टॅसिटर्न. एरवी गप्पा मारणारा माणूस स्वतःच्या भावनांचा विषय निघाला की गप्प होतो, तिथे रेटिसंट. असं एक कार्ड लिहायला पाच मिनिटं लागतात. लागू द्या. तयार कार्डं उतरवून घेतलीत तर हा विचार दुसऱ्याने केलेला असतो, तुमच्या डोक्यात काही राहत नाही.

ओळखीच्या शब्दांना तर आधी कार्ड करा. क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणंही. वाँट म्हणजे उणीवही. सँक्शन म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘हे तर येतं’ म्हणून पुढे गेलात की नेमके हेच नडतात. आणि एनर्व्हेट एनर्जीसारखा दिसतो म्हणून फसू नका. त्याचा अर्थ शक्ती काढून घेणं.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकारात वाक्यातल्या एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा असे. पर्याय हाताने झाका, वाक्य वाचा, रिकाम्या जागी स्वतःचा साधा शब्द घाला आणि मगच हात काढा. आधी पर्यायांत समानार्थी जोडी शोधू नका. वाक्यात न बसणारी जोडीही तिथे मुद्दाम ठेवलेली असते. एक बरोबर आणि एक चूक आलं तर अर्धा गुण मिळत नाही.

ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मोफत पॉवरप्रेप सराव चाचण्या शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा. चुकलेल्या प्रश्नातल्या बरोबर उत्तराचं कार्ड सगळेच करतात. तुम्ही निवडलेल्या चुकीच्या शब्दाचंही करा, आणि तो तिथे का बसत नाही ते मागे लिहा.