मिनी कूपरचं स्केल मॉडेल करताय? मग सगळ्याला २४ नं भागा

किट घरी आलं की पहिल्या रात्री काय होतं ते मला चांगलंच माहितीय, जेवण उरकून खोका उघडायचा, सगळे पार्ट फ्रेममधून कटाकट तोडायचे आणि बाराच्या आत गाडी चाकांवर उभी करायची, मग सकाळी बघितलं की ती गाडी कमी आणि जत्रेतलं खेळणं जास्त वाटते. मीपण हेच केलंय. म्हणून इथं तामिया या जपानी कंपनीच्या १:२४ (म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मिनी कूपर १२७५एस वरून सांगतो, ती मॉन्टे कार्लो कार रॅलीवाली, लाल बॉडी पांढरं छप्पर, कारण या एका गाडीत शिकण्यासारखं जवळपास सगळं येतं.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा, खऱ्या गाडीतलं जे माप घ्याल त्याला २४ नं भागायचं आणि मॉडेलवर जे काय लावाल त्याला २४ नं गुणून बघायचं. खरी मिनी ३.०५ मीटर लांब म्हणजे आपली १२७ मिमी. सीटबेल्टचा पट्टा साधारण ५ सेंमी रुंद असतो म्हणजे आपला २ मिमी. आता उलटं बघा, बॉडीवर पाव मिमी रंग चढवलात तर तो खऱ्या गाडीवर ६ मिमीचा थर झाला, म्हणजे गिलावाच केला की राव! मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा इथंच.

सामान फार लागत नाही. बारीक निपर, कटर, चिमटा, मास्किंग टेप, पातळ प्लॅस्टिक सिमेंट आणि पॉलिश पेपर, तोही पाण्यात चालणारा, ४०० ते २००० नंबरचा, ऑटो पेंटच्या दुकानात सुटा मिळतो. पार्ट तोडताना दोनदा कापा, आधी लांबून आणि मग चिकटून, एका घावात कापलं की प्लॅस्टिक ताणून पांढरा डाग पडतो आणि कधीकधी पार्टाचा लचकाच निघतो. सिमेंट म्हणजे गोंद नव्हे, ते प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं, म्हणून दोन पार्ट आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा, ते आपोआप आत पळतं. बोट त्या फटीवर असेल तर बोटाखालीपण पळतं आणि तुमचा अंगठा गाडीवर कायमचा छापला जातो.

पहिलं काम बॉडीचं. भांड्याच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुवा, साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. मग नखानं चाचपून साच्याच्या रेघा शोधा आणि ६०० च्या पेपरनं हळू घासा. पण मिनीत एक गंमत आहे, पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांवर बाहेरून दिसणाऱ्या वेल्डच्या उभ्या पट्ट्या खऱ्या गाडीलाच असतात, त्या चुकून घासून सपाट करू नका. घासायच्या आधी खऱ्या गाडीचे चार फोटो समोर ठेवा, खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका. दरवाजा, बॉनेट, डिकीच्या फटीतून कटरच्या पात्याची उलटी बाजू अलगद दोन-तीनदा फिरवा, कारण रंग चढला की त्या बुजतात आणि मग दरवाजा उघडणारा न वाटता पेन्सिलनं काढल्यासारखा वाटतो.

आता रंग, आणि इथं घाई केली तर बाकी सगळं पाण्यात. राखाडी प्रायमरवर लाल मारला तर तो विटकरीकडे झुकतो, म्हणून पांढरा प्रायमर घ्या, लाल खुलतो. आधी छपराचा पांढरा मारायचा, तो दोन-तीन दिवस चांगला वाळू द्यायचा, मग छप्पर झाकून लाल. उलटं केलंत तर लाल वर फुटून पांढऱ्याला गुलाबी झाक येऊ शकते. टेप लावल्यावर तिच्या कडेवर नखाऐवजी टूथपिक फिरवून दाबा आणि लालच्या आधी त्या कडेवर पांढऱ्याचाच एक हलका हात मारा, म्हणजे फट राहिली असेल तर तिच्यात पांढरा शिरतो आणि लाल बाहेरच राहतो. ही युक्ती मला उशिरा कळली, त्याआधी दोन छपरं वाया घालवली.

स्प्रेचा डबा वापरत असाल तर पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, हाताला सोसेल इतकंच कोमट, गॅसवर अजिबात नाही. २०-२५ सेंमीवरून, गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबायचं. पहिले दोन हात नुसते धुकं पडल्यासारखे, खालचं दिसलं तरी चालेल, प्रत्येकाच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं, शेवटचा तेवढा ओला. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि जुलैत मारू नका. मी ठाण्यात भर पावसात क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला होता, दहा मिनिटांत अख्खी गाडी दूध सांडल्यासारखी पांढुरकी. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगात अडकतो. उपाय म्हणजे कोरड्या दिवसाची वाट बघा आणि वरून क्लिअरचा हलकासा ओला हात मारा, बहुतेक वेळा धुकं निघून जातं.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर) चकचकीत रंगावरच लावायचे, मॅटवर लावले की खाली हवा राहून चंदेरी दिसतं. १७७ नंबरचे गोल दरवाजावर लावताना कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, मग मिनिटभर बाजूला ठेवायचं, ते कागदावरून स्वतः सरकायला लागलं की उचला, ओढू नका. वर क्लिअर, पण सुरुवातीचे हात एकदम हलके, नाहीतर लॅकरचा थिनर डेकल सुरकुतवतो. आठवडाभर हात लावायचा नाही, खरंच नाही. मग २००० आणि त्यापुढचा पेपर पाण्यात भिजवून, मग कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट). कडा आणि त्या वेल्डच्या पट्ट्यांवर टेप लावून ठेवा, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन घासण्यात खालचा प्रायमर वर येतो.

फटींना वॉश (खूप पातळ केलेला रंग) देताना काळा वापरू नका. लालवर गडद तपकिरी, पांढऱ्यावर राखाडी, काळ्यानं मार्करची रेघ दिसते.

आतलं काम मला सगळ्यात आवडतं. पायाखालच्या कार्पेटला पातळ फेविकॉल फासून वस्त्रगाळ केलेली रांगोळी भुरभुरवायची, वाळली की मॅट रंग, गालिचा तयार. सीटबेल्टला मास्किंग टेपच्या २ मिमी पट्ट्या, बकलला चॉकलेटची चांदी. मीटरच्या तबकडीवर क्लिअरचा एक थेंब टेकवलात की काच बसवल्यासारखं दिसतं. तुमच्या किटमध्ये इंजिन असेल तर प्लगच्या वायरीला जुन्या इअरफोनमधली तार चालते, पण आधी भागा, खरी वायर ७ मिमी, म्हणजे आपल्याला ०.३ मिमी हवी, त्याहून जाड लावली तर पाण्याचे पाइप वाटतात.

क्रोमचे पार्ट चिकटवायच्या जागी क्रोम खरवडून काढा, सिमेंट क्रोमवर धरत नाही. जाळीत पातळ काळा सोडला की लगेच खोली येते. हेडलाइट मात्र मन लावून करा. १९६६ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पहिल्या तीन आलेल्या मिनी हेडलाइटच्याच कारणावरून बाद केल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी ड्रायव्हर राउनो आल्टोनेननं एलबीएल ६डी नंबरप्लेटची ही आपली गाडी जिंकून आणली, त्यामुळे लाइटमध्ये ढिसाळपणा या गाडीला तरी शोभत नाही. आत चकचकीत चंदेरी आणि भिंग फेविकॉलनं. काचांनापण फेविकॉलच, सुपरग्लूच्या वाफेनं काच आतून धुरकटते आणि गाडी बंद झाल्यावर तिथं हात पोचत नाही. अनुभव आहे, विचारू नका.

टायरच्या मधोमध साच्याची रेघ आणि वर नवा कोरा चकाकता काळेपणा असतो, ४०० च्या पेपरवर दोन-चार चकरा फिरवा, लगेच रस्त्यावरून आल्यासारखे दिसतात. वायपर, आरसे आणि नंबरप्लेट सगळ्यात शेवटी, नाहीतर काम करताना हेच तुटतात. धूळ बसली तर फडकं लावू नका, मेकअपचा मऊ ब्रश घ्या, आणि घरात साफसफाई करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, माझ्या गाडीचा डावा वायपर दिवाळीच्या आवराआवरीत गेला तो अजून सापडलेला नाही.