रेंजवर मोबाइल लावावा का? सात महिने घालवून मिळालेलं उत्तर

आमच्या नेमबाजीच्या क्लबात नवी मुलं आली की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. "ताई, माझा व्हिडिओ काढता का? घरी जाऊन बघते, कुठं चुकतंय ते." 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तर फारच. मनू भाकरची दोन कांस्यपदकं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य पाहून आमच्याकडे जी मुलं आली, त्यातली बरीच ट्रायपॉड घेऊनच आली. त्यांची तळमळ मला कळते, कारण मीही तीच वाट धरली होती. सत्ताविसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून एअर पिस्तुलाने सुरुवात केली. सर, म्हणजे माझे कोच, आठवड्यातून दोनदाच भेटायचे. बाकी दिवस लेनवर मी एकटी, म्हणून मोबाइललाच गुरू केलं.

पहिले तीन महिने तरी व्हिडिओ काढू नका. हे एवढं ठामपणे का सांगते, ते नीट समजावते, कारण माझे सात महिने इथेच गेले.

मी मोबाइल उजव्या बाजूला, थोडा मागे लावायचे. रात्री जेवण झालं की दिवसभराचे शॉट बघत बसायचे. पहिल्याच आठवड्यात मला दिसलं की माझा हात हलतोय. पिस्तुलाचं टोक वर-खाली, डावी-उजवीकडे सतत डुलतंय. झालं, रोग सापडला असं वाटलं. मग खांद्याचे व्यायाम, पाण्याची बाटली धरून हात ताणणं, श्वास कोंडून धरणं. हात स्थिर व्हावा म्हणून एकेक शॉट पंधरा-पंधरा सेकंद धरून ठेवायला लागले. हात थोडा स्थिर झालाही. स्कोअर मात्र 60 शॉटला, 600 पैकी, 528 ते 535 च्या पुढे हलेना. उलट अधूनमधून डावीकडे खाली सहा-सात लागायला लागले, जे आधी इतके लागत नव्हते.

आता हिशेब बघा. माझ्या पिस्तुलात पुढची साइट आणि मागची खाच (नेम धरायच्या दोन खुणा, दोन्हींना साइटच म्हणतात) यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर आहे. निशाणा 10 मीटरवर. हात हलला, पण दोन्ही साइट एका रेषेत राहून अख्खं पिस्तूल 5 मिलिमीटर सरकलं, तर पेलेटही (छर्राही) 5 मिलिमीटरच सरकते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आहे आणि पेलेटची कड रेषेला लागली तरी चालते, म्हणजे तो दहाच. पण पुढची साइट खाचेच्या मध्यापासून फक्त 1 मिलिमीटर सरकली, तर पिस्तूल कोनात फिरतं आणि निशाण्यावर तो फरक तीसपट होतो, जवळजवळ 3 सेंटिमीटर. दहाचा सरळ सात.

मोबाइलला यातलं काय दिसतं? डुलणारा हात अगदी छान दिसतो. 1 मिलिमीटर सरकलेली साइट दिसत नाही. माझी नजर पुढच्या साइटवर होती की काळ्या वर्तुळाकडे धावली होती, तेही दिसत नाही. चापावरचं बोट शेवटच्या क्षणी घाईने दाबलं गेलं तर तेही सहसा निसटतं, कारण साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात आणि तो झटका एक-दोन चित्रांत संपतो. ज्याने फारसं बिघडत नव्हतं ते पडद्यावर ठळक होतं, आणि ज्याने सगळं बिघडत होतं ते दिसतच नव्हतं. दिसतं त्याच्यामागे मी धावले. तुम्हीही धावाल, कारण रात्री एकटं बसून बघताना दुसरं काही सुचतच नाही.

सरांनी हे कसं पकडलं ते सांगते. त्यांनी पिस्तूल माझ्याकडून घेतलं, पाठ फिरवून पेलेट भरली आणि नळी निशाण्याकडे ठेवूनच परत दिलं. मी मारला, नऊ. पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी आत पेलेटच नव्हती आणि सरांनी ड्राय फायरची, म्हणजे पेलेटशिवाय नुसता चाप ओढायच्या सरावाची, कळ लावून ठेवली होती. मी चाप ओढला, बारीकसं "टक्" झालं आणि पिस्तुलाचं तोंड स्पष्टपणे डावीकडे खाली बुडालं. धक्का नाही, हवा नाही, आणि तरी पिस्तूल हललं. हलवणारी मीच होते. हात पंधरा सेकंद धरून दमायचा, मग साइट वर्तुळाखाली आली रे आली की बोट घाई करायचं. सर एवढंच म्हणाले, "हात हलू दे. बोट सांभाळ." त्या सबंध वेळात त्यांनी एकदाही निशाण्याकडे बघितलं नव्हतं, माझ्या बोटाकडेच बघत होते. शॉट लागल्याबरोबर मान वळवून स्क्रीनवरचा आकडा बघणारा कोच आणि तुमच्या मनगटाकडे बघत उभा राहणारा कोच, यात दुसरा शोधा. फी थोडी जास्त असली तरी चालेल.

त्यानंतर दोन महिने मी टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारत होते. वर्तुळच नाही, त्यामुळे घाई करायला निमित्त नाही. आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली. कंटाळवाणं आहे, पण करा. याला दुसरी पळवाट मला सापडलेली नाही. पंधरा दिवसांत स्कोअर वाढवून देणारे रील्स बघता ना? त्यांत ग्रिपवर सुंदर बोलतात, पण बोटाच्या घाईवर कुणी दोन महिने कोरा कागद दाखवत नाही.

मग व्हिडिओ अगदीच निरुपयोगी का? नाही. आज मी काढते, पण आधी ठरवून, एकाच प्रश्नासाठी. पाय प्रत्येक सिरीजला (दहा शॉट्सच्या गटाला) त्याच जागी पडतात का, चाळिसाव्या शॉटनंतर डोकं पुढे झुकतं का, हात वर गेल्यापासून शॉट सुटेपर्यंत किती सेकंद जातात, शॉट गेल्यावर हात लगेच पडतो की क्षणभर तिथेच राहतो. हे मोबाइल उत्तम सांगतो. सेकंद मोजायला तर त्याच्यासारखं काही नाही. बोट बघायचं असेल तर स्लो मोशन घ्या, सेकंदाला 240 चित्रांचं, फक्त मुठीवर, आणि तेही ड्राय फायरचं. ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं, ते बिघडलेलं नसतं. क्लबात स्कॅट (पिस्तुलाचा नेम टिपणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर मात्र मोबाइल बाजूला ठेवा. नेमाची रेषा कुठे फिरली, चाप ओढताना कुठे तुटली, ते स्कॅट दाखवतो.

मी पुढे 25 मीटरला, .22 च्या पिस्तुलावर गेले, तिथे तर व्हिडिओने खरंच हात दिला. तिथल्या रॅपिड, म्हणजे झटपट शॉटच्या, टप्प्यात हात 45 अंशांवर खाली ठेवून थांबायचं, 3 सेकंदांसाठी निशाणा उघडतो, तेवढ्यात उचलून एक शॉट, मग 7 सेकंद थांबायचं. मला वाटायचं मी लगेच उचलते. व्हिडिओत कळलं की जवळजवळ पाऊण सेकंद मी नुसती उभी असते. हे आतून कळत नाही. आणि ही बारुदाची बंदूक आहे, म्हणून तिथे मोबाइल दुसऱ्याच्या हातात, रेंज ऑफिसरला विचारून, फायरिंग लाइनच्या मागे. लाइनच्या पुढे काहीही ठेवायचं नाही, ट्रायपॉडचा एक पायसुद्धा नाही.

आता एक गोष्ट, जी सांगताना अजून पोटात गोळा येतो. एअर पिस्तुलाचे दिवस होते. पेलेट भरलेली, हात वर जाणार, तेवढ्यात ट्रायपॉड घसरल्याचा आवाज आला. मी वळले. पिस्तुलासकट वळले. डावीकडच्या लेनवर नववीतली मुलगी खाली वाकून पेलेटची डबी उघडत होती. बोट चापावर नव्हतं, काही झालं नाही. रेंज ऑफिसरनी "स्टॉप" ओरडून सगळी रेंज थांबवली आणि मला घरी पाठवलं. योग्यच केलं. तुमच्या हातात पिस्तूल असताना मोबाइल पडू दे, फुटू दे, वाजू दे. आधी पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची रंगीत खूण) नळीत, पिस्तूल टेबलावर, मग मान वळवायची. रेकॉर्डिंगचं बटण एका हाताने आणि पिस्तूल दुसऱ्या हातात, असं कुणी करताना दिसलं तर मी आजही ओरडते. वाईट वाटलं तर वाटू दे.

शेजारच्या लेनवरची लहान मुलं चौकटीत येणार नाहीत हे बघा, आणि कुणाचीही क्लिप न विचारता ग्रुपवर टाकू नका. मॅचला तर खेळाडूला लाइनवर मोबाइल ठेवताच येत नाही, त्यामुळे त्याची सवय नसलेलीच बरी.

स्कोअर अडकला म्हणून घाबरू नका. मी 528 वर सात महिने होते आणि त्यातून बाहेर आले. आता माझ्याकडे दर शनिवारी पाच शॉट्सची एकच क्लिप असते. वहीत आधी प्रश्न लिहिते, मग क्लिप सरांबरोबर तिथल्या तिथे बघते आणि घरी निघण्याआधी पुसून टाकते. गेल्या शनिवारचा प्रश्न होता, "शॉटनंतर हात किती वेळ वर?" उत्तर आलं, पाचपैकी तीन वेळा एक सेकंदही नाही. या आठवड्यात तेवढंच काम आहे.