जुन्या कोठारात दरवर्षी नाचाची पार्टी ठेवायची तर

जुनं लाकडी कोठार, म्हणजे बार्न, बघितलं की इथे नाच ठेवूया असं कोणालाही वाटतं, आणि खरंच ठेवावा, कारण उंच छप्पर, लाकडी जमीन आणि सगळ्या वयाची माणसं एकत्र हे दुसरीकडे सहसा जमत नाही. पण एकदा करणं वेगळं आणि दरवर्षी करणं वेगळं. लोक परत कधी येतात, तर ज्याला नाचता येत नाही तोही त्या रात्री दोन-तीन नाच नाचून घरी गेला असेल तर. माझ्या मते सगळं प्लॅनिंग या एकाच गोष्टीवरून करायचं.

आधी तारीख. कोठार सगळ्यात रिकामं कधी असतं, तर नवीन गवत आत यायच्या आधी. पण नेमक्या त्याच दिवसांत भिंगऱ्या तुळयांवर घरटी करतात, कधी गव्हाणी घुबडही बसलेलं असतं, आणि बऱ्याच देशांत चालू घरट्याला हात लावणं कायद्याने बंद आहे. त्यामुळे वर्षभर कोठारावर लक्ष ठेवून पिल्लं उडून गेल्यानंतरचा आणि माल भरायच्या आधीचा आठवडा शोधायचा. नसेलच मिळत, तर मालकाशी बोलून थोडं गवत दुसरीकडे ठेवायची सोय करा, घरट्यांना हलवू नका. आठवडा ठरला की तारखेपेक्षा वार पक्का करा, अमुक महिन्याचा दुसरा शनिवार असा, लोकांच्या तो डोक्यात बसतो.

आता जमीन, आणि इथे घाई अजिबात नको. जुन्या कोठारांत मधोमध मळणीची जागा असायची, दोन्ही बाजूंना समोरासमोर मोठी दारं, उफणताना वारा आरपार जावा म्हणून. ती जागा बहुतेक वेळा मजबूत असते आणि हवाही खेळती राहते, नाच तिथेच ठेवायचा. वरच्या माळ्यावर नाही म्हणजे नाही, कितीही भक्कम दिसला तरी. नाचाच्या हॉलची जमीन साधारण दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरून डिझाइन करतात, आणि गवताचं ओझं गप्प पडून राहतं पण नाचणारी माणसं एकाच तालावर पाय आपटतात, मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला दोन, त्याने जमीन हलायला लागते. मधल्या जागेखाली तळघर किंवा पोकळी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. तुम्ही स्वतः खालून टॉर्च मारून बघा, तुळईची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. वरून उठलेले खिळे ठोकून घ्या, सैल फळ्या स्क्रूने बसवा, फटीत टाच अडकत नाही ना ते बघा. जमिनीला पॉलिश नको, पाय घसरतात.

साफसफाईला किमान आठवडाभर आधी हात घाला. उंदरांच्या लेंड्या किंवा पक्ष्यांची-वटवाघळांची विष्ठा असेल तर कोरडा झाडू मारायचा नाही, त्या धुळीतून हंटाव्हायरस, हिस्टोप्लास्मोसिस असे आजार होऊ शकतात. आधी दारं उघडून अर्धा तास हवा जाऊ द्या, मग एन-९५ मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं मुरू द्या, आणि ओल्या कपड्याने पुसून काढा. धुळीने दम लागणारी माणसंही नाचायला येणार आहेत हे लक्षात ठेवा.

त्याच कारणाने गवताचे गठ्ठे बसायला आत ठेवू नका. फोटो छान येतात पण धूळ उडते आणि आग झटक्यात पसरते. आत मेणबत्ती नाही, सिगारेट नाही, हॅलोजन नाही, फक्त एलईडीच्या माळा. केबलचं रीळ वापरत असाल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल लोड आला की तापते. जनरेटर बाहेर, दारापासून किमान ६ मीटर लांब आणि धूर आत येणार नाही अशा दिशेला. अग्निशामक सिलिंडर प्रत्येक दाराशी.

आणि दारं. १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली त्यात ४९२ माणसं गेली, मुख्य फिरतं दार गर्दीने जाम झालं आणि काही दारं कुलूपबंद होती किंवा आतल्या बाजूला उघडणारी होती. कोठाराचं सरकतं दार अर्ध्यात अडकतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दोन्ही मोठी दारं पूर्ण उघडून पाचर मारून ठेवा, पार्टी संपेपर्यंत. समोर गाडी लागू देऊ नका आणि बंबाला यायचा रस्ता मोकळा ठेवा. परवानगी, एका दिवसाचा विमा, शेजाऱ्यांना आवाजाची कल्पना, ही कामं महिनाभर आधी उरका.

आता नाच! म्हणजे गोलात, रांगेत किंवा चौकोनात सगळ्यांनी मिळून नाचायचे लोकनाच. यासाठी चांगला कॉलर हवा, म्हणजे माइकवर पुढची स्टेप सांगणारा माणूस, बँडपेक्षाही आधी तो ठरवा. त्याला स्पष्ट सांगा की निम्मे लोक नवीन आहेत. प्रत्येक नाच आधी म्युझिकशिवाय चालून दाखवायचा, मग लगेच सुरू. अशा नाचांच्या बहुतेक चाली ६४ ठोक्यांच्या असतात, म्हणजे एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटाची, आठ मिनिटांच्या नाचात तेच पंधरा-सोळा वेळा येतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्या गोंधळ झाला तरी चौथ्या फेरीला पाय आपोआप पडतात, आणि तो क्षण लोकांच्या चेहऱ्यावर दिसतो, मला तर सगळ्या रात्रीत तोच सगळ्यात आवडतो.

पहिला नाच मोठ्या गोलाचा ठेवा, दर फेरीला जोडीदार बदलणारा, म्हणजे एकटा आलेला माणूसही कोणाला विचारत न बसता आत येतो. मग समोरासमोर रांगांचे नाच. आठ जणांचा चौकोनी सेट मात्र नंतर, कारण त्यात एक जण चुकला की आठही अडकतात, आणि एका सेटला साधारण १२ बाय १२ फूट जागा लागते, त्यावरून किती माणसं मावतील ते आधीच मोजा. पुरुष-बायका अशी जोडी सक्तीची नको. आजी-नातू, दोन मैत्रिणी, कोणीही कोणाबरोबर, बरेच कॉलर हल्ली पुरुष-बाई म्हणण्याऐवजी जोडीतल्या दोन भूमिकांना लार्क आणि रॉबिन अशी पक्ष्यांची नावं वापरतात, ते सोपं पडतं. जरा नाचता येणाऱ्या पाच-सहा जणांना आधीच सांगून ठेवा की प्रत्येक नाचाला नवीन माणसाला हात द्यायचा, आपापसात नाचायचं नाही. खुर्च्या भिंतीला लागून गोल लावल्या की माणसं प्रेक्षक होतात, म्हणून थोड्याच, एका बाजूला, बँडजवळ.

म्युझिक जिवंत असेल तर उत्तम, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि अ‍ॅकॉर्डियन एवढं पुरे, ते कॉलरकडे बघून चाल लांबवतात किंवा थांबवतात, रेकॉर्डिंगला ते जमत नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात कॉलर ऐकूच येत नाही, तेव्हा दोन स्पीकर डोक्याच्या उंचीवर नाचणाऱ्यांकडे वळवून लावा आणि नुसता आवाज वाढवू नका. दर तासाला ब्रेक, पाणी भरपूर आणि फुकट. शेवटी वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने करायचा संथ नाच, ठेवायची पद्धत आहे, लोक दमलेले असतात, ते बरं पडतं.

दरवर्षीसाठी एक वही ठेवा, किती माणसं आली, कोणता नाच रंगला, कुठला फ्यूज उडाला, टॉयलेट किती कमी पडली. प्रत्येक कामाला दोन माणसं, त्यातलं एक नवीन, म्हणजे जुनं माणूस थकलं तरी काम अडत नाही. खर्चाला दाराशी पेटी ठेवा, आणि जमा-खर्च आठवड्यात सगळ्यांना कळवा, पैशाबद्दल शंका आली की असले उपक्रम बंद पडतात. पुढच्या वर्षीची तारीख शेवटच्या वॉल्ट्झच्या आधीच माइकवर सांगा आणि कामाच्या नावांचा कागद तेव्हाच फिरवा, दुसऱ्या दिवशी फोन केला तर निम्मे जण कामात असतात. सगळे गेल्यावर मेन स्विच बंद करून दोघांनी आणखी अर्धा तास तिथेच थांबायचं, धुराचा वास येत नाही ना ते बघायचं आणि मगच दार लावायचं.